बर्फावर पट्टा लावू नये

हेल्गीच्या गाडीला नावं ठेवायची वोर्म्सी बेटावर कोणाची छाती नव्हती, आणि बेटाबाहेरच्यांच्या मताला हेल्गी कवडीची किंमत देत नव्हती. गाडी लहान, जुनी, मूळचा लाल रंग विटून गाजरासारखा झालेला. पण काचा हाताने मूठ फिरवून खाली घ्यायच्या. दार आतून नुसतं ओढलं की उघडायचं. मधे बटण नाही, दिवा नाही, कोणाची परवानगी नाही. टायरांना खिळे. सीटांवर मेंढीचं कातडं. मागे फावडं, दोर, वाळूची पिशवी आणि कॉफीचा थर्मास. ज्या गाडीची काच वीज गेल्यावर उघडत नाही तिला गाडी म्हणू नये, असं हेल्गीचं ठाम मत होतं आणि ते ती न विचारणाऱ्यालाही ऐकवत असे.

आज मात्र ती गप्प होती. सकाळीच गोठलेल्या समुद्रावरून गाडी घालून ती बेटावरून या किनाऱ्याला आली होती आणि रोहुक्यूलाच्या बंदरात बर्फावर उतरायच्या फाटकाशेजारी सुनेची वाट बघत येरझारा घालत होती.

सून त्रीनू बाळंतपणाला टार्टू शहरात आईकडे गेली ती डिसेंबरात. मुलगी झाली, मिर्तेल नाव ठेवलं. मग थंडी अशी काही पडली की फेरीबोटीने हात टेकले. हेल्गीचा मुलगा रायवो मालवाहू जहाजावर, तो ईस्टरशिवाय यायचा नाही. पुढे समुद्र पुरता गोठला, बर्फावरचा रस्ता खुला झाला आणि त्रीनूचा फोन आला. गेली काही वर्षं हिवाळे इतके मिळमिळीत गेले होते की हा रस्ता झालाच नव्हता. त्रीनू लग्न होऊन बेटावर आली, दोन वर्षं राहिली, पण समुद्रावर गाडी घालणं तिने फक्त ऐकलं होतं.

"आई, मी किनाऱ्यापर्यंत येते," ती फोनवर म्हणाली होती. "बर्फ बघते. मला पटलं तर पुढे, नाही तर तिथूनच माघारी. आणि माघारी फिरले तर मग इथेच घर बघते. माझे जुने दुकानवाले परत कामावर बोलावताहेत. रायवोशी बोलणं झालंय माझं."

हेल्गी फक्त 'बरं' म्हणाली. फोन ठेवला आणि अंगणातला सगळा बर्फ उपसून काढला, उपसायची गरज नव्हती तिथलासुद्धा. तिला कळत होतं. आज पोर माघारी फिरली की फिरलीच. टार्टूला घर, मग नोकरी, मग पाळणाघर, मग रायवोही जहाज सोडून तिकडेच. नात उन्हाळ्यात आठवडाभर येणार, पाहुण्यासारखी. बेटावरच्या शाळेत तर मुलं इतकी कमी उरली होती की खेळाच्या तासाला बाईंना गोलकीपर व्हावं लागे. त्यात अजून एक वजा.

"काय गं हेल्गी," फाटकावरचा वाल्दुर आपल्या खोपटातून डोकावला. आत शेगडी पेटलेली, तोंडात पाव. "सकाळपासून नुसती फेऱ्या मारतेयस. बर्फ झिजेल माझा."

"इतक्या वर्षांत तुझी जीभ झिजली नाही, बर्फ कशाने झिजतोय?"

"सून येणार म्हणून एवढी चिडलीस की येणार नाही म्हणून?"

"पाव खा तू."

वाल्दुर आणि ती एका वर्गात शिकलेले. तो हसला आणि पाव खायला लागला. पण एका बाबतीत वाल्दुर थट्टा करत नसे. गाडी कोणाचीही असो, तो खिडकीशी येऊन तेच सांगायचा: पट्टे सोडा, दारं कुलपाविना ठेवा, मधे थांबू नका, वेग पंचविसाच्या आत किंवा चाळिसाच्या वर. मधला वेग नको. त्या वेगाला बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि तीच बर्फ फोडते. हेल्गीला त्याने आजवर शेकडो वेळा हे सांगितलं असेल. सकाळीही सांगितलं होतं.

त्रीनूची गाडी आली ती दुपार व्हायच्या आत. मोठी, करडी, नवी, टार्टूच्या रस्त्यावरचं मीठ अंगभर चढलेली. त्रीनू उतरली. डोळ्यांखाली काळं झालेलं, केस कसेतरी बांधलेले. तिने मागचं दार उघडलं आणि बाजूला झाली.

हेल्गीने आत वाकून पाहिलं. सीटमध्ये मागे तोंड करून झोपलेली मूठभर पोर, नाकाचा शेंडा लाल, ओठ चोखल्यासारखे हलताहेत. हेल्गीला रायवो आठवला, तिचा नवरा आठवला, स्वतःची आई आठवली, सगळे एकदमच. 

"हडकुळी आहे," ती शेवटी म्हणाली.

"तुमच्यावर गेलीय," त्रीनू म्हणाली.

ठीक आहे, हेल्गीला वाटलं. पोरीची जीभ शाबूत आहे.

खरी वादावादी गाडीवरून सुरू झाली. "माझ्या गाडीने जाऊ," त्रीनू म्हणाली. "चारी बाजूंनी एअरबॅग आहेत. टक्कर देऊन तपासलेली गाडी आहे, पाच तारे मिळालेत."

"तारे आकाशात ठीक. बर्फावर काय चाटायचेत?"

"आई, तुमच्या गाडीत एकसुद्धा एअरबॅग नाही."

"आणि तुझ्या गाडीत काच खाली घ्यायला वीज लागते."

हेल्गीने भांडायला बाह्या सरसावल्या होत्या, पण त्रीनूने वाद तिथेच सोडला. लग्नाआधी ती ज्या दुकानात होती तिथे लहान मुलांच्या गाडीतल्या सीटा मिळत. ती नुसती विकत नसे. गिऱ्हाइकाच्या गाडीत चढून, सीटवर गुडघा रोवून, पट्टा खेचून ती सीट स्वतः बसवून द्यायची. कुठली वस्तू कधी वाचवते आणि कधी घात करते हे डोक्यात मांडून बघायची तिला सवय होती. आता ती आपल्याच गाडीकडे परक्या गाडीकडे बघावं तशी बघू लागली.

"वाल्दुरकाका, वजन किती सोडताय आज?"

"दोन टन. तुझी सामानासकट काठावर बसेल."

"काठावर," त्रीनू म्हणाली. "आणि चालायला लागली की दारं आपोआप बंद होतात हिची. मुलाने दार उघडून पडू नये म्हणून. मी गिऱ्हाइकांना हे कौतुकाने सांगायचे. पट्टा सोडला की ही ओरडत राहते. पुढे काही दिसलं की आपली आपण ब्रेक मारते."

"बर्फाचं ढेकूळ दिसलं तरी?" वाल्दुरने विचारलं.

"कधीकधी धुकं दिसलं तरी."

"अरे बापरे. गाडी इथेच सोडून जा मग."

त्रीनूने आपल्या गाडीचं दार लावलं आणि ती हेल्गीच्या गाडीपाशी गेली. बर्फात गुडघे टेकून बसली. एकेका टायरच्या खिळ्यांवरून अंगठा फिरवला. चारी दारं आतून उघडून पाहिली. काचेची मूठ फिरवली, मग दुसरी. मागच्या सीटवरचं मेंढीचं कातडं बाजूला सारून पट्टा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. हेल्गीचं डोकं तापायला लागलं. तिची गाडी आजवर अशी कोणी चाचपली नव्हती, दर वर्षी तपासणी करणाऱ्या माणसानेसुद्धा नाही. पण राग यावा तसा पुरता येईना. पोर मन लावून बघत होती, दाखवायला नव्हे.

"टायर उत्तम आहेत," त्रीनू उठून म्हणाली. "रस्त्यावर आवाज करत असतील खूप."

"करतात. डांबर उकरतात म्हणून शहरातले शिव्याही देतात. पण बर्फावर धरतात."

"मागचा पट्टा जाम आहे, पण लागतो." मग ती वाल्दुरकडे वळली. "मला एक सांगा. पुढची गाडी किती लांब असते?"

"ती ठिपक्याएवढी झाल्याशिवाय मी फाटक उचलत नाही."

"समोरून कोणी?"

"एका वेळी एकाच बाजूचं सोडतो."

"खांब, झाडं?"

"कडेने जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या रोवल्यात खुणेला. धडकलीस तर फांदी मोडेल."

त्रीनू बर्फाकडे बघत उभी राहिली. पांढरा सपाट समुद्र, त्यावर फांद्यांची रांग लांब लांब गेलेली, आणि पलीकडे बेटाची निळसर रेघ. हेल्गीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. आता ही रडेल, नाही तर नाही म्हणेल. हेल्गीने रात्री जागून एक भाषण जुळवून ठेवलं होतं: आमचे पणजोबा घोड्याच्या घसरगाडीने जायचे, नवऱ्या मुली याच बर्फावरून वरातीने आल्या, वगैरे वगैरे. ती घसा खाकरून सुरुवात करणार, एवढ्यात त्रीनू बोलली.

"पट्टा असतो धडकेसाठी. इथे धडक नाहीच. वेग नाही, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. इथे भीती आहे ती फक्त पाण्याची. आणि पाण्यात पट्टा म्हणजे..." ती गाडीकडे वळली. "पटलं मला. बर्फावर पट्टा नको."

भाषण वाया गेलं, आणि ते वाया गेल्याचा हेल्गीला इतका आनंद झाला की तिने तो लपवायला थर्मास उघडला. दोघींनी गाडीच्या टपावर कप ठेवून कॉफी घेतली. बर्फाची भीती न वाटणारे लोक हेल्गीने पुष्कळ पाहिले होते. त्यातले निम्मे मूर्ख होते. भीती वाटत असताना उभं राहून हिशेबाने विचार करणारं माणूस तिला फार भेटलं नव्हतं.

तरी भांडण संपलं नव्हतं. हेल्गीने पिशवीतून मोठी लोकरीची शाल काढली. "दे इकडे पोरीला. छातीशी बांधून घे. रायवोला मी असाच आणला होता."

"नाही आई. ती सीटमध्येच राहील. सीट गाडीला बांधायची नाही, माझ्या मांडीवर ठेवायची. पण बाळ सीटमध्ये बांधलेलंच."

"ही कसली अर्धवट तऱ्हा? आत्ताच तर म्हणालीस पट्टा नको."

"गाडीचा नको. पाण्यात गेलो तर ओलं बाळ हातातून निसटेल. सीटला मूठ आहे. मूठ मी सोडणार नाही. आणि ही सीट तरंगते."

"कोणी सांगितलं तुला? दुकानदाराने?"

"मी बघितलं," त्रीनू म्हणाली. "मागच्या आठवड्यात. आईच्या घरामागच्या तळ्यात बर्फ फोडून. सीटमध्ये पिठाची पिशवी बांधली आणि सोडली पाण्यात. आई म्हणाली बाळंतपणाने डोकं फिरलंय माझं."

वाल्दुरने पाव चावायचा थांबवला. हेल्गी सुनेकडे बघतच राहिली.

"मग?"

"तरंगली. वाकडी झाली, पण उचलून घ्यायला पुरेल इतका वेळ तरंगली."

"आणि पीठ?"

"खालून भिजलं. वरचं कोरडं."

हेल्गीने शाल घडी करून पिशवीत ठेवली. वोर्म्सीवर जन्मभर बर्फावरून जाणारी किती माणसं होती, पण पिठाची पिशवी बांधून तळ्यात सोडून बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही. ही पोर फोनवर 'बर्फ बघते, पटलं तर येते' म्हणत होती आणि तिकडे बाळंतपणातून उठून तळ्यावर कुदळ चालवत होती. यायचं तिच्या मनात होतं तर, पहिल्यापासून.

त्रीनूने मिर्तेलचा फुगीर कोट काढला. तो घातला की सीटचा पट्टा वरवर घट्ट वाटतो आणि आत ढिला राहतो, म्हणाली. हेल्गीने विणलेला लोकरीचा झबला-पायजमा मात्र तिने बोटाने चाचपला. "हा बरोबर आहे. पातळ आणि गरम. असाच हवा." वरून पांघरूण घातलं. हेल्गीने त्रीनूच्या गळ्यात टोच्यांची जोडी अडकवली: लाकडाच्या दोन मुठी, त्यांना खिळे, मधे दोरी. पाण्यात पडलंच तर बर्फाच्या कडेला खिळे रुतवून वर यायचं. मग तिने खिशातून आणखी एक जोडी काढली, बोटाएवढी.

"हे काय?" वाल्दुर म्हणाला. "तिला अजून दात नाहीत, हेल्गी!"

"वळण आतापासून लागलेलं बरं," हेल्गी म्हणाली आणि ती जोडी तिने सीटच्या मुठीला बांधली. त्रीनू हसली, टार्टूहून निघाल्यापासून पहिल्यांदाच असावं.

वाल्दुरने खिडकीशी येऊन आपलं सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्दही न गाळता, आणि फाटक उचललं.

बर्फावर उतरताना चाकं जराशी खाली गेल्यासारखी वाटली, तशी ती नेहमीच वाटतात. त्रीनूने दाराची कडी ओढून दार किलकिलं धरलं होतं. दुसरा हात सीटच्या मुठीत कोपरापर्यंत अडकवलेला. वारा आत येत होता. ती मिर्तेलशी बोलत होती, हळू आवाजात, एकसारखी: ही बघ फांदी, ही बघ दुसरी फांदी, आता तिसरी येईल. तिचा आवाज स्थिर होता, पण हेल्गीने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, दार धरलेली बोटं पांढरीफटक पडली होती.

मधेच बर्फातून एक लांबलचक आवाज गेला, तार छेडल्यासारखा.

"हे काय होतं?"

"बर्फ बोलतो. कडक असला की बोलतो. मऊ झाला की मुका होतो. बोलू दे त्याला."

"मग बोल बाबा," त्रीनू बर्फाला म्हणाली.

काय करावं या पोरीचं, हेल्गीला वाटलं. मांडीवर पाच आठवड्यांचं बाळ, खाली समुद्र, जन्मभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगितलं तेच स्वतःच्या हाताने करतेय, आणि वर बर्फाशी गप्पा. हेल्गीला तिचा अभिमान वाटला. अगदी स्वतःच्या पोटच्या पोरीचा वाटावा तसा, आणि त्या अभिमानाने तिला घरी पोचायची घाई झाली. बेट जवळ दिसायला लागलं होतं. स्विबीच्या धक्क्यावरचे खांबही मोजता आले असते. तिकडे चूल पेटवून ठेवली होती, क्रीम भरलेले बन झाकून ठेवले होते, पाळणा...

"आई, अठ्ठावीस."

हेल्गीने काट्याकडे पाहिलं. अठ्ठावीस. तिचा पाय आपोआप दाबला गेला होता. पंचवीस ते चाळीस, नेमका तोच मधला वेग.  तिने हळूच पाय उचलला. ब्रेक मारला नाही. काटा तेविसावर आला, मग एकविसावर. तिच्या हातून आजवर हे कधीच झालं नव्हतं. निदान तिला सांगणारं कोणी कधी शेजारी बसलं नव्हतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. हेल्गी हे शब्द सहसा कोणाला म्हणत नसे.

"फाटकावर पाटीच आहे," त्रीनू म्हणाली. "तुम्ही ती वाचायचं सोडलं असेल."

गाडी स्विबीच्या उताराने वर चढली आणि टायरांखाली खडी वाजली. जमीन. हेल्गीच्या जिवात जीव आला. आता जंगलातून सरळ रस्ता आणि घर. तिने गिअर बदलला.

"थांबा."

"काय झालं?"

"सीट बांधायचीय."

"अगं, आलोच की आता! बेटावर आहे कोण? उद्यापर्यंत एखादी गाडी दिसली तर दिसली."

"हरणं आहेत, रानडुकरं आहेत, झाडं आहेत, आणि रस्त्यावर साखरेच्या पाकासारखा बर्फ आहे. इथे धडक आहे, आई. पाणी नाही. सगळं उलट झालं आता." ती उतरली देखील. सीट मागे ठेवली, तोंड मागच्या बाजूला केलं, जाम पट्टा ओढून ओढून सीटभोवती घेतला आणि वर गुडघा रोवून असा काही खेचला की गाडी हलली. मिर्तेल जागी होऊन रडायला लागली. त्रीनू तिच्याकडे लगेच वळली नाही. आधी सीट हलवून बघितली, मग बाळाला थोपटलं. मग पुढे येऊन बसली, स्वतःचा पट्टा लावला आणि हेल्गीकडे पाहिलं.

"तुमचा."

"मी लावत नाही."

"माहितीय. दोन वर्षं बघतेय. बोलले नाही, तुमचा जीव, तुमची गाडी. पण आज मागे मिर्तेल आहे. गाडी घसरली की पट्ट्याशिवाय माणूस सीटवर राहत नाही. स्टिअरिंग कोण धरणार मग?"

"मी धरेन. जन्मभर धरलंय."

"आई."

हेल्गीने इंजिन बंद केलं. मागे पोर रडत होती. ती बोलली ती समोरच्या झाडांकडे बघत.

"मी पाण्यात गेलेय, पट्ट्यासकट. रायवो व्हायच्या आधी. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हापसालूहून परत येत होतो. रस्त्यावर लावलेला पट्टा किनाऱ्यावर सोडायचा असतो, तो सोडायला विसरले. इथली माणसं मरतात ती अशी, बर्फाने नाही, विसरल्याने. पुढची चाकं आत गेली. पाणी छातीशी आलं. बोटं बधिर, कळ सापडेना. तुझ्या सासऱ्याने मासे चिरायच्या सुरीने पट्टा कापला आणि केसाला धरून मला ओढून काढलं. तेव्हापासून गळ्यावरून पट्टा आला की मला श्वास घेता येत नाही. रायवोलासुद्धा सांगितलेलं नाही मी हे. आता तुला सांगितलं. आता चल."

 त्रीनूने मागे हात घालून मिर्तेलच्या तोंडात आपलं बोट दिलं. पोर शांत झाली.

"आज बर्फावर मी भीतीने मेले होते," ती म्हणाली. "तुम्हाला दिसलं नसेल. बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसलेल्या आया बघितल्या की मी दुकानातून धावत बाहेर जायचे. भांडायचे त्यांच्याशी. आज मी तेच केलं, कारण बर्फ तुमचा आहे आणि तुम्ही सांगितलंत ते पटलं. हा रस्ता माझा आहे. रायवो समुद्रावर असणार, इथे आपण दोघी. पोरीला ताप आला, मी आजारी पडले, तर तिला तुम्हीच नेणार. मी तुमच्या हातात तिला देऊ शकणार नसेन, तर मी इथे राहू कशी? सांगा ना. मी भांडत नाहीये. मला राहायचंय."

*मला राहायचंय.* हेल्गीने तेवढंच ऐकलं. बाकी सगळं ऐकलं ते नंतर.

तिने खांद्यामागे हात नेऊन पट्टा ओढला. तो कडक झाला होता, करकरला. कळ मात्र कुठे सापडेना. मेंढीच्या कातड्याखाली, वर्षानुवर्षांच्या पावाच्या चुऱ्यात कुठेतरी गडप झाली होती. तिने खाली बोटं घातली.  त्रीनू मदतीला आली नाही, तिने फक्त आपला लोकरीचा हातमोजा काढून दिला, चुरा पुसायला. कळ सापडली. खट् झालं. हेल्गीचा श्वास अडकला.

"आता सोडा," त्रीनू म्हणाली.

हेल्गीने कळ दाबली. सुटला.

"पुन्हा लावा. पुन्हा सोडा."

लावला, सोडला. लावला, सोडला. "बघा, सुटतो," त्रीनू हळूच म्हणाली. चौथ्यांदा हेल्गीने लावला आणि तसाच ठेवला.  तिने गाडी सुरू केली. घर आल्यावर दाराशी पट्टा सोडून ती इतक्या जोरात बाहेर आली की कोंबड्या पांगल्या.

संध्याकाळी त्रीनूने तीन बन खाल्ले. हेल्गीने मोजले नव्हते, पण ताटली रिकामी दिसली. मिर्तेल पाळण्यात होती. त्रीनूला बसल्या बसल्या डुलक्या येत होत्या.

"उद्या तिला हुल्लो गावात नर्सबाईकडे न्यायचंय, वजनाला," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तुम्ही न्याल का? मला झोपायचंय. ती झाल्यापासून झोपले नाही मी."

"मी एकटी?"

"तुम्ही एकट्या."

सकाळी हेल्गीने सीट स्वतः बांधली. गुडघा रोवला, पट्टा खेचला, सीट हलवून पाहिली, पुन्हा खेचली. त्रीनूच्या खिडकीकडे बघितलं. पडदा होता तसाच होता. ती उठली नव्हती, डोकावली नव्हती, तपासायला आली नव्हती. हेल्गीला हुंदका आला, अगदी वेड्यासारखा, आणि तिने तो आवरलाही नाही; बघणारं कोणी नव्हतंच.

मग ती पुढे बसली, पट्टा ओढला आणि लावला. "चला, मिर्तेलबाई," ती म्हणाली आणि गाडी रस्त्याला लावली.